कूलर, कबुतरं, ओल आणि फुफ्फुसाची ॲलर्जिक सूज (एचपी): तुमच्याकडे कुठल्या महिन्यात वाढते आणि घरात काय सापडलं?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. घरात कुणाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे डॉक्टर थोडक्यात एचपी म्हणतात तो आजार निघालाय त्यांच्यासाठी हा धागा काढतेय, आणि ज्यांच्याकडे अजून "जुना खोकला आहे हो" एवढ्यावरच चाललंय त्यांच्यासाठी तर जास्तच.

माझी आई नागपूरला असते. काही वर्षं असं चाललं होतं की गुढीपाडवा होऊन ऊन तापायला लागलं की तिला कोरडा खोकला सुरू, रात्री अंगात कसकस, सकाळी गळून गेल्यासारखं, जिना चढताना धाप. पाऊस पडला की हळूहळू आपोआप कमी. मे महिन्यात माझ्याकडे पुण्याला आली की आठवडाभरात चेहरा खुलायचा, सगळे म्हणायचे हवापालट मानवला. परत गेली की पुन्हा तेच. आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर आदल्या वर्षीइतकी बरी व्हायची नाही, थोडं काहीतरी मागे राहायचंच. मधे एका ठिकाणी एक्स-रे बघून थुंकीत काही सापडलं नसताना टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्यात तिची भूक गेली, वजन उतरलं, खोकला होता तिथेच.

शेवटी ज्या छातीच्या डॉक्टरांकडे पोचलो त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याही कानाला लावून दिला, खाली दोन्ही बाजूंना बॅगेचं वेल्क्रो सोडवताना येतो तसा आवाज येत होता. मग पहिला प्रश्न औषधाचा नाहीच, "घर कसं आहे? झोपता कुठे? खिडकीत काय आहे? पक्षी? कूलर? भिंतीला ओल?" भावाला सांगितलं फोनवर घराचा व्हिडिओ काढून पाठव. आईचा पलंग कूलरच्या तोंडाशी, रात्रभर झोत थेट तिच्यावर. भावाने कूलरची बाजू उघडली तर गवताच्या पॅडला काळपट हिरवे डाग, टाकीच्या तळाला बोटाला लागेल असा बुळबुळीत थर, पंपाची नळी आतून काळी. वरून मात्र कूलर पुसून लख्ख, आई स्वतः रोज पुसायची.

एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) झाला, पीएफटी (फुंकून करायची फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी) झाली, निदान एचपी, आणि फुफ्फुसात थोडे व्रण आधीच पडलेत. ते व्रण जात नाहीत म्हणाले. मला राहून राहून वाटतं की कॅलेंडर इतकं स्पष्ट बोलत होतं आणि ते कुणी बघितलंच नाही. म्हणून विचारतेय, तुमच्याकडे त्रास कुठल्या महिन्यात वाढतो, गावाला गेल्यावर कमी होतो का, आणि घरात शोधल्यावर काय निघालं? अगदी बारीक सारीकसुद्धा लिहा प्लीज, दुसऱ्या कुणाला त्यावरून आपलं कारण सापडेल.

श्वासोच्छ्वास

छातीरोग हाच माझा व्यवसाय आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इथे वाचून कुणी औषध चालू किंवा बंद करू नका, एवढी विनंती आधीच.

"ॲलर्जी" म्हटलं की लोकांना शिंका, नाक गळणं, दमा आठवतो. ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडाची ॲलर्जी, मिनिटांत उमटणारी. एचपी वेगळा. इथे बुरशीचे बीजाणू, जिवाणू किंवा पक्ष्यांची प्रथिनं इतक्या बारीक कणांतून आत जातात की थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि आयजीजी प्रतिपिंडं आणि लिम्फोसाइट पेशी तिथे सूज निर्माण करतात. म्हणून सेट्रिझिनने फरक पडत नाही आणि त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जी टेस्टमध्येही हा सापडत नाही. कित्येक जण "माझी ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह आहे" असं सांगत येतात, त्याचा इथे उपयोग नाही.

वेळ हा सगळ्यात मोठा धागा. एकदम जास्त संपर्क आला तर साधारण ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी, आणि संपर्क थांबला की एकदोन दिवसांत ओसरतं. कूलर रात्री १० ला लावला आणि पहाटे कसकस आली तर कूलरवर संशय कोण घेणार, "व्हायरल" म्हणून सोडून देतात. थोडा थोडा संपर्क रोज असेल तर ताप येतच नाही, नुसता खोकला आणि हळूहळू वाढणारी धाप, आणि तोवर आत व्रण पडत राहतात. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच व्रण असलेला आणि नसलेला अशी विभागणी केली, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कूलरबद्दल सांगायचं तर २०१७ साली भारतातल्या आयएलडी (फुफ्फुसाच्या आतल्या पेशीजाळ्याला सूज किंवा व्रण येणारे आजार, एचपी त्यातलाच एक) रुग्णांची मोठी नोंदवही प्रसिद्ध झाली, १९ शहरांतली २७ रुग्णालयं, १०८४ रुग्ण. त्यात ४७ टक्क्यांच्या आसपास एचपी निघाला, म्हणजे सगळ्यात मोठा गट, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. पाश्चात्य पुस्तकांत शेतकरी आणि कबुतरं पाळणारे यांचीच वर्णनं असायची. आपल्याकडचा रुग्ण बहुतेक वेळा घरात बसलेला असतो, हे लक्षात ठेवा.

मी_सिताबर्डीकर

अरे बापरे, रेवाताई, तुम्ही तर आमच्या घरचंच लिहून राहिल्या असं वाटलं. नागपूर काय, अकोला काय, अमरावती, चंद्रपूर, ४५-४६ च्या वर पारा जाते तेव्हा कूलरबिगर माणूस जगनच कसा? एसी सगळ्यांना परवडत नाही आन् लाइटबिल वेगळंच. म्हणून "कूलर बंद करा" हे सांगणं सोपं, करणं लई अवघड आहे.

आमच्याकडे बाबांना डॉक्टरनं संशय सांगितला तेव्हापासून काय करतो ते सांगतो. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर काढला की आधी तो आंगणात. जुन्या ताट्या (कूलरचे गवताचे पॅड) सरळ फेकायच्या, "अजून एक सीझन चालून जाईन" हे बंद. टाकी साबणानं घासायची, मग ब्लीचिंगच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, आन् दिवसभर उन्हात. सीझनमध्ये दर दोन-तीन दिवसानं पूर्ण पाणी काढून टाकायचं, वरून नुसतं भरत राहायचं नाही. सकाळी पंप आधी बंद करायचा अन् पंखा अर्धा-पाऊण तास तसाच चालू, ताट्या सुकतात. जून संपला की ओल्या ताट्यांसकट कूलर झाकून ठेवतात लोक, पुढच्या वर्षी पहिल्यांदा चालू केला की ते सगळं घरभर.

डॉक्टरसाहेब, वाळ्याच्या ताट्या चालतील का? आजी म्हणते वाळा थंड असतो, आरोग्याला चांगला.

श्वासोच्छ्वास

वाळ्याचा सुगंध चांगला, पण सतत ओला राहणारा वाळा, लाकडाचं गवत किंवा कागदाचा मधाच्या पोळ्यासारखा पॅड, बुरशीला तिन्ही सारखेच. तुमची पद्धत निरोगी माणसांच्या घरासाठी उत्तम आहे. पण ज्यांना एचपीचं निदान झालंय त्यांच्या घरात ओला कूलर नकोच, कितीही स्वच्छ ठेवला तरी. शक्य असेल तर त्या एका खोलीपुरता एसी करा, त्याच्या जाळ्या धुवा आणि आत जिथे पाणी साठतं तो ट्रे आणि पाण्याची नळी तुंबू देऊ नका. तेही परवडत नसेल तर पंखा, पडदे, गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप, आणि भर उन्हाळ्यात रुग्णाला नातेवाइकांकडे. बाबांचं निदान पक्कं झालं नसेल तर ते आधी करून घ्या.

दादरकर

आमची गोष्ट कबुतरांची. आत्याला (आता हयात नाही) कबुतरांना दाणे घालायची सवय होती, पुण्य म्हणून, आणि मनापासून घालायची. खिडकीबाहेरच्या छज्जावर ज्वारी-चणे, एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरटी. तिला महिना असा नव्हताच, बारा महिने खोकला, कारण कबुतरं वर्षभर अंडी घालतात. पण नीट आठवलं तर थंडीत आणि पावसाळ्यात जास्त व्हायचा, खिडक्या बंद, तीच हवा घरात फिरत राहायची.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला त्यावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी बघितलं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याबद्दल मला राग नाही, माझी आत्याच त्यांच्यातली होती. पण मी तिला शेवटचे काही महिने ऑक्सिजन लावून बसलेली बघितलंय, नाकात नळी आणि तरी बाथरूमपर्यंत जाऊन आली की ओठ निळे. त्यामुळे कुणी "कबुतराने काही होत नाही, आमच्या इतक्या पिढ्या खायला घालतायत" म्हटलं की मला गप्प बसवत नाही. सगळ्यांना होत नाही हे खरं. ज्याला होतं त्याचं काय?

अनामिका_ठाणे

दादरकर, वाचून वाईट वाटलं.

मला एक विचारायचंय. आमच्याकडे पक्षी नाही, दाणे घालत नाही, पण सासूबाईंच्या पीएफटीमध्ये एचपीचा संशय आहे आणि शेजारच्यांच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरांनी अक्षरशः वस्ती केलीय, विष्ठेचा थर वीतभर. आमची बेडरूम त्याला लागून. एवढ्यानेही होऊ शकतं का? आणि घरात देवघरात दोन वेळा अगरबत्ती-धूप असतो, रात्री डासांची कॉइल, सगळे म्हणतात त्यानेच झालं असेल.

श्वासोच्छ्वास

शेजारच्या बाल्कनीतूनही होऊ शकतं, त्रास विष्ठा आणि पिसांवरच्या बारीक पावडरीतल्या प्रथिनांचा आहे आणि ती वाऱ्याबरोबर येते. डॉक्टरांना ही बाल्कनी नक्की सांगा, फोटोच दाखवा. कबुतरांविरुद्धच्या आयजीजीची रक्ततपासणी होते, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही आणि निगेटिव्ह म्हणजे नाहीच असंही नाही. सीटी करताना श्वास घेऊन आणि श्वास सोडून असे दोन्ही फोटो काढले जातायत ना ते विचारा, हवा अडकून राहिलेले भाग श्वास सोडल्यावरच नीट दिसतात. चित्र स्पष्ट नसेल तर दुर्बिणीतून फुफ्फुस धुवून त्या पाण्यातल्या लिम्फोसाइट मोजतात.

अगरबत्ती, कॉइल, फोडणीचा ठसका यांनी श्वासनलिका चिडतात, दमा असेल तर वाढतो, आणि आधीच दुखावलेल्या फुफ्फुसाला धूर नकोच, म्हणून बंद करा. पण एचपीचं मूळ कारण म्हणून धुरावर बोट ठेवून थांबलात तर बाल्कनी तशीच राहील.

साफसफाईबद्दल: सासूबाई घरात असताना ती बाल्कनी साफ करू देऊ नका. कोरडा झाडू अजिबात नाही, आधी पाणी मारून पूर्ण भिजवायचं, मग खरवडून पिशवीत भरायचं, करणाऱ्याने एन-९५ आणि हातमोजे घालायचे. आणि कबुतरं गेली म्हणजे लगेच सुटका नाही, पक्ष्यांची प्रथिनं गाद्या, पडदे, कार्पेटमध्ये वर्षभराहून जास्त राहिल्याचं आढळलंय. पिसांची उशी किंवा पिसांची रजई असेल तीही काढा, ते बहुतेक जण विसरतात.

कृष्णाकाठचा

सांगली भागातून लिहितोय. माझे चुलते साखर कारखान्यात बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा) यार्डला कामाला होते. ताज्या बगॅसने काय होत नाय, पण ढीग मारून ठेवलेला, आत गरम झालेला, बुरशी धरलेला जुना बगॅस हलवायला लागला की पांढरी धूळ उठायची आणि त्याच रात्री ताप. ह्याला बगॅसोसिस म्हणतात हे आम्हाला लई उशिरा कळलं. हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप चालतं, त्यांना त्रास व्हायचा तो मात्र गाळप बंद झाल्यावर साठवलेला माल बॉयलरला ओढताना, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुट्टीला घरी राहिले की बरे.

घरातलं म्हणाल तर गोठा. पावसाळ्यात कडब्याची गंजी नीट झाकलेली नसली की आतल्या पेंढ्या काळ्या पडत्यात, त्या सोडताना जी धूळ नाकात जाती ती तीच. आमच्याकडं वैरण घालायचं काम बायका करतात, आणि खोकला झाला की चुलीचा धूर म्हणून सोडून देतात. चुलतीला आता ते काम करू देत नाही, वैरण कुट्टी करायच्या आधी पाणी शिंपडतो आणि काळी पेंढी सरळ उकिरड्यात.

ओसाकाकर

मी कामानिमित्त जपानमध्ये आहे. हे वाचून लिहावंसं वाटलं कारण इथे या आजाराचा एक प्रकार इतका ऋतूला बांधलेला आहे की नावातच उन्हाळा आहे, समर-टाइप एचपी. जूनमधे इथला पावसाळा, त्सुयु, सुरू झाला की घरं दमट होतात, जुन्या लाकडी घरांत न्हाणीघराजवळचं, सिंकखालचं कुजकं लाकूड, तातामी चटया, त्यात ट्रायकोस्पोरॉन नावाची बुरशी वाढते. त्रास जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, थंडी पडली की गायब, पुढच्या जूनमधे परत. दक्षिण-पश्चिम जपानमधे जास्त. जपानमधल्या एचपीच्या रुग्णांत हाच प्रकार बराच काळ सगळ्यात मोठा होता. माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या बायकोला होता आणि एका घरातल्या दोघातिघांना एकदम होऊ शकतो असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

महत्त्वाचं म्हणजे इथे उपचार म्हणून घराची दुरुस्ती सांगतात. कुजकं लाकूड काढा, तातामी बदला, निर्जंतुक करा, नाहीतर घर बदला. ते केलं नाही तर औषधाने बरं होऊन घरी आलेला माणूस त्याच घरात पुन्हा आजारी पडतो. कधी कधी दवाखान्यात ठेवून बरं वाटल्यावर मुद्दाम घरी पाठवून बघतात, पुन्हा ताप आला की कारण घरातच आहे हे पक्कं.

चवथीचा_चाकरमानी

कोकण आणि गोव्यात आमचं पण काहीसं असंच. घर वर्षभर बंद, कौलं गळलेली, भिंतींना बुरशीची चंदेरी काळी नक्षी, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून येऊन आम्ही दारं उघडतो, गाद्या काढून झटकतो, माळा झाडतो. कुबट वास एवढा की डोळे चुरचुरतात. दोन वर्षं लागोपाठ वडिलांना त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आणि धाप. मुंबईला परतले की ठीक. हे एचपी असू शकतं का?

श्वासोच्छ्वास

असू शकतं, वेळ जुळतेय. पण भाद्रपदात कोकण-गोव्यात हुडहुडी भरून ताप आला तर आधी मलेरिया, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस तपासायचे, ते जिवावर बेतू शकतात. ते नसेल आणि पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर सीटी आणि पीएफटी करून घ्या. आणि पुढच्या वर्षी वडिलांनी दोन दिवस उशिरा यावं, घर उघडून, वारं खेळवून, ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर. बुरशीवर नुसता रंग मारू नका, ती खालून वर येते. गळती, तुंबलेला पन्हाळ, बाथरूमची भिंत, जिथून पाणी येतंय तेच बंद करावं लागतं. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणतात, कोकणच्या पावसाळ्यात ते डिह्युमिडिफायरशिवाय शक्य नाही हे मला मान्य आहे, निदान झोपायची खोली तरी.

रेवाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सापडेल असं वाटलं नव्हतं. आईचं आत्ताचं सांगते. कूलर घरातून काढला, आईच्या खोलीत एसी बसवला. स्टिरॉइड चालू आहे, हळूहळू कमी करतायत, मनाने बंद करायचं नाही हे डॉक्टरांनी चारचारदा बजावलंय, त्याबरोबर शुगर आणि हाडांच्या कॅल्शियमकडे लक्ष. फ्लू आणि न्यूमोकोकलची लस दिली. खोकला जवळजवळ गेलाय. धाप पूर्ण गेली नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी करावी असं वाटतं. आमच्याकडे बसून ऑक्सिमीटर लावला की ९६-९७ यायचं म्हणून सगळे निर्धास्त. डॉक्टरांनी सहा मिनिटं चालायला लावलं तर ८७. तेव्हा चालून झाल्या झाल्या लगेच लावून बघा. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर खोकला, ताप, धाप ज्या दिवशी जास्त तिथे खूण करा, कूलर कधी चालू केला, गावाला कधी गेलो, पावसाने भिंत कधी ओली झाली तेही. आमच्या डॉक्टरांनी तपासताना रिपोर्टइतकंच ते पान वाचलं.

अजून एक शंका, डॉक्टर. सगळं शोधूनही ज्यांना कारण सापडत नाही त्यांनी काय करायचं?

श्वासोच्छ्वास

बऱ्याच जणांत ते सापडतच नाही, आणि ज्यांचं सापडत नाही त्यांचं पुढे तितकं चांगलं चालत नाही असाच अनुभव आहे, म्हणून शोध थांबवायचा नाही. सीपीएपी (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं) मशीन किंवा ह्युमिडिफायरमधलं पाणी, नेब्युलायझरचं न वाळवलेलं भांडं, फुंकून वाजवायची वाद्यं, कुंड्यांतलं कुजलेलं खत, कामाच्या जागेचा एसी, हे सगळं पुन्हा एकदा बघा. औषधं थांबत नाहीत. स्टिरॉइडबरोबर मायकोफेनोलेट किंवा ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, आणि व्रण वाढतच असतील तर निनटेडॅनिब, ते व्रण पुसत नाही पण वाढीचा वेग कमी करतं.

अनामिका_ठाणे

अपडेट. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो पाठवले, फ्लॅटमालक परदेशात, पण त्यांनी साफसफाईला परवानगी दिली. सासूबाई त्या आठवड्यात नणंदेकडे जातायत. जाळीवाला उद्या माप घ्यायला येतोय. त्याला काही खास सांगायचं का?

दादरकर

हो. बाल्कनीला जाळी सगळेच लावतात आणि आउटडोअर युनिटच्या मागची फट तशीच राहते, आमच्याकडे घरटं तिथेच होतं. तिथे, बाथरूमच्या डक्टला आणि एक्झॉस्टच्या भोकालाही लावून घ्या. त्याला आधी साफसफाई होऊ द्या म्हणावं, मग जाळी, नाहीतर आतलं आतच बंद होईल. आणि घरट्यात पिल्लं आहेत का ते आधी बघून घ्या, असतील तर पक्षीमित्रांना फोन करा, ते येऊन नेतात.